मुठीवरचा लाल आर

दोन वर्षांपूर्वी, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास घाटंजीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका शेतात मजुरांची ने-आण करणारी व्हॅन कठडा नसलेल्या विहिरीत पडली. आत दोघे होते: चालक वसंता, वय एकोणचाळीस, आणि मजूर बायांच्या टोळीच्या मुकादम कौसल्याबाई, वय पंचावन्न. वेचणीच्या अकरा बाया पाचच मिनिटांपूर्वी गाडीतून उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात आलेली बातमी अशी होती:

"चालकाचे नियंत्रण सुटल्याने मजुरांची व्हॅन विहिरीत कोसळली. चालक पोहून बाहेर आला. गाडीत अडकलेल्या महिलेला शेतातील दोघांनी बाहेर काढले. तिच्या पायाला गंभीर दुखापत असून तिला यवतमाळला हलविण्यात आले आहे. चालकाविरुद्ध गुन्हा दाखल झाला आहे."

पाच वाक्ये. पुढची चार बरोबर होती. पहिले चुकीचे होते. ही बातमी मी पाठवली होती. त्या व्हॅनचा गिअरबॉक्सही आदल्या दिवशी मीच बदलला होता.

तालुक्याच्या गावात वार्ताहराचे पोट बातमीवर भरत नाही. कोणी विमा विकतो, कोणी पुस्तकांचे दुकान चालवतो. माझे गॅरेज होते. एकोणतीस वर्षे घाटंजीत गिअरबॉक्सचे काम केले आणि त्यातली बावीस वर्षे एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या दिल्या. गाडीवाले मला 'पत्रकार' म्हणत, आणि त्यात आदर फारसा नसे. "पत्रकार, आमची गाडी आज भेटते का नुसतीच छापून येते?" हा रोजचा प्रश्न होता. हाताखाली, खरे तर बरोबरीने, रफिकमामू होते. मिस्त्रीकामात ते माझ्याहून दहा वर्षांनी जुने. मी नटबोल्ट लिहून ठेवायचो, ते लक्षात ठेवायचे.

ज्यांनी गिअरबॉक्स कधी उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिन एका दमाने फिरते. चाकाला कधी जोर हवा असतो, कधी वेग. मधला हा लोखंडी डबा दातेरी चाकांच्या जोड्या बदलून ते साधतो. चालकाच्या हातात त्याचा फक्त दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला मूठ. मुठीवर आकड्यांचा नकाशा कोरलेला असतो: पहिला कुठे, दुसरा कुठे, आणि आर म्हणजे रिव्हर्स कुठे. आमच्याकडे त्याला सगळे बॅक गिअर म्हणतात.

आमच्या भागात मजूर, वऱ्हाड, भाजीपाला, सगळे वाहणाऱ्या जुन्या व्हॅन दोन प्रकारच्या होत्या. आधीच्या चार गिअरच्या, नंतरच्या पाच गिअरच्या. बनवणाऱ्यांनी डब्याचे साचे दोनदा केले नाहीत. एकाच बाह्यांगात दोन्ही बसवले. चार गिअरच्या डब्याच्या शेपटीत पाचव्याची जागा नुसती मोकळी राहिली. बोल्टांची भोके तीच, लांबी तीच, वजनात फरक हाताला कळेल न कळेल इतका. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. गाडी चालू होते, पळते, काही अडत नाही.

फरक दांड्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात आहे. चार गिअरच्या गाडीत दांडा उजवीकडे नेऊन पुढे ढकलला की बॅक गिअर पडतो. पाच गिअरच्या गाडीत त्याच जागी पाचवा असतो, आणि बॅक गिअर उजवीकडे, पण मागे ओढून.

भंगारातून आलेला डबा कोणता हे ओळखणे आमच्या धंद्यातली अर्धी विद्या. अंगावर ओतीव आकडा असतो, पण भंगारवाले डबा घासून चंदेरी रंग मारतात, तेव्हा आकडा जातो. रफिकमामू शेपटीवर पान्याने टकटक करत आणि कान लावत. "रिकामं घर बोलते, भाऊ. भरलेलं घर बोलत नाही." मामूंचा कान क्वचित चुके. माझा कानावर विश्वास नव्हता. मी दांडा उजवीकडे पुढे टाकून एका बाजूचा शाफ्ट हाताने फिरवत असे. दुसऱ्या बाजूचा उलटा फिरला तर डबा चारचा. त्याच दिशेने आणि जास्त वेगाने फिरला तर पाचचा. यात चूक होऊ शकत नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या गॅरेजमधून न ओळखलेला डबा बाहेर गेला नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगत असे. ते आजही खरे आहे.

गाडीवाल्यांना मात्र याचे काही नसे. राजूरचा एक बँडवाला आठ महिने तक्रार घेऊन येत होता की गाडी दम टाकते, पळत नाही. शेवटी मी शेजारी बसून निघालो. रस्ता मोकळा, गाडी चौथ्यात किंचाळते आहे आणि हा निवांत.

"पाचवा टाका ना," मी म्हटले.

"कोणता पाचवा?"

त्याची गाडी चारची म्हणून त्याने घेतली होती. कोणीतरी मध्ये पाचचा डबा बसवला होता. आठ महिने पाचवा गिअर त्याच्याबरोबर लग्नांना जात होता आणि त्याला पत्ता नव्हता. "मंग बॅक कसे घेत होते?" मी विचारले. "बॅक? ढोल-ताशेवाले आठ पोट्टे बसते मांगं. उतरते अन् ढकलते. मले वाटलं, बॅक गेला हाय." मामू हसून हसून खाली बसले होते. ही गोष्ट मी पुष्कळांना रंगवून सांगितली आहे. अपघातानंतर सांगितली नाही.

आता मुठीबद्दल. आमच्याकडचा चालक गाडीचे काहीही बदलेल, मूठ बदलू देत नाही. टायर, सीट, अख्खे इंजिन नवे चालते. मूठ मात्र त्याची स्वतःची. गाडी विकली तरी मूठ काढून घरी नेतात आणि पुढच्या गाडीला लावतात. "मूठ बदलली की हात बदलते," असे म्हणतात. गाडी दुरुस्तीला टाकताना बरेच जण मूठ काढून खिशात घालून जात, आणि गाडी न्यायला येताना परत आणत. आम्हीही ती रीत पाळायचो. काम झाले की शेवटचा आटा मुठीचा. पाचचा डबा चारच्या गाडीत बसवला असेल तर मी चालकाला सीटवर बसवायचो, त्याचा हात धरून दांडा सहाही जागी फिरवायचो, आणि गाडी आवारातच एकदा मागे घ्यायला लावायचो. मग मूठ. हा माझा नियम होता.

वसंताची व्हॅन चार गिअरची. तो आणि त्याचा थोरला भाऊ रामदास यांनी मिळून घेतलेली. चालवायचा वसंता एकटाच, बारा वर्षे. मुठीवरचे आकडे पुसले गेले तेव्हा त्याच्या बायकोने, सुनीताने, नेलपॉलिशने ते पुन्हा काढून दिले होते. एक ते चार पांढरे. आर लाल. उजवीकडे, पुढे.

गिअरबॉक्सचे दात गेले म्हणून गाडी माझ्याकडे आली. चारचे डबे आता भंगारातही मिळत नाहीत. पाचचा होता. मी शाफ्ट फिरवून पाहिला, मामूंनी टकटक करून पाहिला, दोघांचे एकमत झाले. मंगळवारी संध्याकाळी काम पूर्ण झाले. वसंता दुसऱ्या दिवशीच्या बाया ठरवायला गावात फिरत होता, म्हणून गाडी न्यायला रामदास आला. त्याने खिशातून मूठ काढून माझ्या हातात दिली. "वसंतानं सांगतलं, हेच लावजा."

त्याच वेळी फोन आला. दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला बाजार समितीत कापूस खरेदी सुरू झाल्याची बातमी हवी होती, पान सुटायचे होते. फोन खांद्याने कानाशी धरून मी बातमी तोंडी सांगत होतो आणि उजव्या हाताने मूठ फिरवून बसवत होतो. हे मला स्पष्ट आठवते. रामदास गाडी घेऊन गेला. आमचे आवार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडे आहे. मागे घ्यायची गरज पडत नाही. घरी त्याने गाडी अंगणात सरळ घातली, पलीकडच्या गल्लीत तोंड काढून उभी केली. सकाळी वसंताने ती तशीच बाहेर काढली. बाया घेतल्या. शेतापर्यंत सगळा रस्ता पुढेच जाण्याचा होता.

घटनेच्या तासाभरात मी शेतावर होतो. व्हॅन विहिरीत तिरपी, मागची दोन चाके पाण्याबाहेर. वसंता बांधावर ओल्या कपड्यांत बसलेला. भोवती माणसे जमली होती आणि जो तो आपापले कारण सांगत होता.

"फोन पाहून राह्यला असंन."

"सकाळीच घेतली असंन पावशेर."

वसंता दारू पीत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. मी वही काढली, त्याच्यासमोर बसलो. तो एकच वाक्य बोलत होता.

"म्या बॅक टाकला होता, भाऊ. म्या बॅकच टाकला होता."

हे वाक्य माझ्या वहीत आहे. बातमीत मी ते घेतले नाही. अपघातातला प्रत्येक चालक असे काहीतरी सांगतो, असा माझा बावीस वर्षांचा अनुभव होता. गिअरबॉक्सचा विचार मनात आला नाही असे नाही. आला, आणि मी तो बाजूला ठेवला. डबा चांगला आहे याची मला खात्री होती. पाचचा आहे हे चालकाला सांगितलेले आहे, याचीही.

गाडी बाहेर काढून पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवली गेली. तपासणीत ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर ठीक. म्हणजे चूक माणसाची. वसंताचा परवाना जमा झाला. टोळीच्या बायांनी दुसरी गाडी लावली.

सहाव्या दिवशी मी यवतमाळला रुग्णालयात गेलो. जखमी महिलेची प्रकृती स्थिर, एवढी एक ओळ हवी होती. कौसल्याबाई शुद्धीवर होत्या. उजवा पाय गुडघ्यापासून खाली प्लास्टरमध्ये. त्यांनी मला ओळखले.

"या, पत्रकार. तुम्हीच लिवलं ना, नियंत्रण सुटलं म्हणून?"

"हो."

"कोणाचं सुटलं?"

"वसंताचं."

"म्या त्याच्या बाजूले बसली होती. तुम्ही कुठी होते?"

मी वही उघडली. त्या सांगू लागल्या. बाया उतरल्यावर त्या गाडीतच थांबल्या होत्या, कारण दुसऱ्या खेपेच्या बाया आणायला त्यांनाही जायचे होते. गाडी उतारावर, तोंड विहिरीकडे, अंतर दहा-बारा फूट. रोज तिथेच उभी राहायची.

"त्यानं मांगं पाह्यलं. मूठ इकडं केली, अन् अशी समोर ढकलली." त्यांनी पलंगावरच्या चादरीवर हात उजवीकडे नेला आणि पुढे ढकलला. "बारा वर्षं झाली, म्या रोज पाहून राह्यली. अशी ढकलली की गाडी मांगं जाते. गाडी मांगं जाईच ना. दम टाकला. त्यानं रेस देली. गाडी समोर गेली."

मी लिहिणे थांबवले.

"काहून? लिवा ना," त्या म्हणाल्या. "गाडी समोर गेली. त्यानं ब्रेकवर पाय देला, पण दवानं माती वली होती. अन् तो मांगंच पाहून राह्यला होता, त्याले काय दिसते? म्या वरडली तवा त्यानं समोर पाह्यलं."

पाचव्यात जोर नसतो. उभ्या गाडीला पाचव्यात टाकून क्लच सोडला की इंजिन दबते, मरायला लागते. कोणताही चालक अशा वेळी रेस वाढवतो. उतार असेल तर गाडीला पुढे निघायला तेवढे पुरते. हे समजून घ्यायला मला त्या पलंगाशेजारी काही सेकंद लागले असतील.

घाटंजीला परत आलो तेव्हा मामू आवारात होते.

"मामू, मंगळवारी रामदासले आपण सांगतलं होतं ना? बॅक मांगं आला म्हणून?"

मामूंनी हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही सांगतलं असंन."

"मी सांगितलं?"

"तुम्ही फोनवर होते भाऊ. म्या काई बोललो नाई. मले वाटलं, रोज तुम्हीच सांगता, सांगतलं असंन."

रामदासला विचारले. तो म्हणाला, "कायचं बॅक? तुम्ही हातानं जा म्हणून खूण केली. म्या गेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन मी गाडी तपासायची परवानगी मागितली. हवालदार सोबत उभे राहिले. मामूंनी मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली. मी आत बसलो. सीट अजून ओली होती, चिखलाचा वास येत होता. दांड्याला हात लावायची गरजच नव्हती: तो उजवीकडे, पुढे होता, विहिरीत पडताना जिथे होता तिथेच. मुठीवरचा लाल आर त्याच कोपऱ्यात. मामूंनी इंजिनाच्या पुलीला पाना लावून हळूहळू फिरवले. मी मान बाहेर काढून मागचे चाक पाहिले.

चाक पुढे फिरले.

"पुन्हा," मी म्हटले. मामूंनी पुन्हा फिरवले. चाक पुन्हा पुढे फिरले. हवालदारांनी विचारले, "म्हणजे काय झालं?" मामू म्हणाले, "म्हणजे पोट्टा खरं बोलून राह्यला होता, साहेब."

डबा कोणता हे बाकावर ओळखायच्या निदान चार खुणा आहेत. चालकाच्या सीटवर बसून पाहिले तर खूण एकच असते. ती मी माझ्या हाताने चुकीची बसवली होती.

त्याच दुपारी वसंताच्या घरी गेलो. तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. सुनीता दारात तूर पाखडत होती. जे झाले ते मी उभ्यानेच सांगितले: डबा पाचचा होता, सांगायचे राहिले, मूठ मी लावली. वसंता खुर्चीतून पुढे झुकला.

"म्हंजे म्या बरोबरच टाकला होता."

"हो."

"बॅकच टाकला होता."

"तू बॅकच टाकला होतास."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. सुनीता सूप खाली ठेवून उठली.

"सात दिवस झाले," ती म्हणाली, "हा माणूस ह्याच खुर्चीवर बसून हवेत हात हालवून राह्यला. गिअर टाकून पाहून राह्यला. इकडं टाकला का तिकडं टाकला, इकडं टाकला का तिकडं. रातच्याले झोपेतही हात हालते त्याचा. लोकं म्हणते, पेला असंन. मले मायच्या घरून फोन येते, पेते काय व तो? अन् तुमाले तं सगळं ठावं होतं. तुमच्याच हातचं होतं. पेपरात काय लिवलं तुम्ही?"

"ते चुकलं," मी म्हणालो.

"मंग आता काय लिवता?"

त्या संध्याकाळी जिल्हा कार्यालयाला फोन केला. उपसंपादक म्हणाले, दुरुस्ती चार ओळींत देऊ, तांत्रिक बिघाड म्हणू. मी म्हटले, बिघाड नव्हता. गाडीत काहीही बिघडलेले नव्हते. ते म्हणाले, "मग गॅरेजचालक एवढंच म्हणू. तुमचं नाव कशाला?" मी म्हटले, बातमीत वसंताचे नाव नव्हते तरी गावाला ते कळलेच होते. माझे नाव द्या. त्यांनी विचारले, "अक्षरं नीट सांगा." बावीस वर्षांत माझे नाव त्यांनी प्रथमच माझ्याकडून लिहून घेतले.

दुरुस्ती पाचव्या पानावर आली. सुनीताने दोन्ही कात्रणे, आधीची आणि नंतरची, दारामागे भिंतीला लावली असे मामूंनी पाहून सांगितले.

ठाण्यात मी लेखी जबाब दिला. अधिकारी म्हणाले, "तुम्ही कायले ओढवून घेऊन राह्यले? कोणी तक्रार केली नाही." जबाब त्यांनी नोंदवला. पुढे वसंताचे नाव वगळले गेले आणि परवाना परत मिळाला. आरोपपत्रात नाव माझे आहे. प्रकरण न्यायालयात चालू आहे. मूठ मुद्देमालात जमा आहे. यादीत तिची नोंद "काळी मूठ, एक नग, वर लाल रंगाचे अक्षर" अशी आहे. दैनिकाचे काम मी त्याच महिन्यात सोडले. गॅरेज मामूंच्या हवाली केले. मामू आता गाडी देताना फोन टेबलाच्या खणात ठेवतात, आणि मूठ चालक स्वतः सीटवर बसल्याशिवाय लावत नाहीत.

वसंता गॅरेजकडे पुन्हा आलेला नाही. त्याने आणि रामदासने गेल्या वर्षी दुसरी जुनी व्हॅन घेतली. पाच गिअरची, नवी मूठ. कौसल्याबाई काठी घेऊन चालतात आणि टोळी सांभाळतात. नव्या गाडीच्या पहिल्या दिवशी त्यांनी बायांना शाळेच्या मैदानात उभे केले, स्वतः पुढच्या सीटवर बसल्या आणि वसंताला म्हणाल्या, "पहिले मांगं घे. मंग बसतीन बाया." मैदानात वीसेक माणसे पाहायला थांबली होती. त्यांतल्या तिघांकडून मी खात्री करून घेतली आहे.

गाडी मागे गेली.